सूक्ष्मनियंत्रक बोर्डाचा वीजपुरवठा : स्रोतांची निवड आणि तिचे अर्थशास्त्र

शेतातील मातीचा ओलावा मोजणारे उपकरण, गावाच्या टाकीतील पाण्याची पातळी कळविणारा संवेदक, शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी तयार केलेला पर्जन्यमापक, या सर्वांच्या केंद्रस्थानी एक छोटासा संगणक असतो. त्याला मायक्रोकंट्रोलर किंवा सूक्ष्मनियंत्रक असे म्हणतात. काही शे रुपयांत मिळणाऱ्या या साधनामुळे माहिती गोळा करण्याचा खर्च मोठ्या प्रमाणात घटला आहे. साहजिकच शेती, जलव्यवस्थापन, आरोग्य आणि शिक्षण या क्षेत्रांतील योजनांमध्ये त्याचा वापर वाढत आहे. तथापि, अशा उपकरणांची चर्चा होते तेव्हा बोर्डाची किंमत, त्याचा वेग आणि त्यावर चालणारी आज्ञावली यांवरच लक्ष केंद्रित होते. त्याला वीज कोठून मिळणार, हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. प्रत्यक्षात बसविलेले उपकरण दोन वर्षांनंतर चालू असेल की नाही, हे मुख्यत्वे याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात वीजपुरवठ्याच्या विविध स्रोतांचे तांत्रिक स्वरूप आणि त्यांचे अर्थशास्त्र या दोहोंचा एकत्रित विचार केला आहे.

डेव्हलपमेंट बोर्ड म्हणजे काय?

सूक्ष्मनियंत्रक ही एकच चिप असते. प्रक्रियक, स्मृती आणि बाह्य साधनांशी जोडणी करण्याची सोय हे सर्व तिच्यात सामावलेले असते. मात्र सुटी चिप हाताळणे नवशिक्याला अवघड जाते. म्हणून ती चिप, संगणकाशी जोडण्यासाठी यूएसबी जोडणी, विद्युतदाब स्थिर ठेवणारा नियामक, सूचक दिवे आणि तारा जोडण्याच्या पिना एका पट्टीवर बसवून डेव्हलपमेंट बोर्ड तयार केला जातो. इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये जन्माला आलेला आर्डुइनो हा त्यातील सर्वाधिक परिचित बोर्ड होय. त्यानंतर ईएसपी-३२ चिपवर आधारित बोर्ड, ब्रिटनमधील शालेय विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला मायक्रोबिट आणि २०२१ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको असे अनेक पर्याय उपलब्ध झाले. भारतात सी-डॅक या संस्थेने स्वदेशी वेगा प्रक्रियकांवर आधारित एरीज बोर्ड विकसित केले आहेत.

एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावयास हवी. डेव्हलपमेंट बोर्ड हा शिकण्यासाठी आणि नमुना तयार करण्यासाठी असतो. वापरात सुलभता यावी म्हणून त्यावर जे अतिरिक्त घटक बसविलेले असतात, ते सतत थोडीथोडी वीज घेत राहतात. टेबलावरील प्रयोगात ही बाब नगण्य ठरते, परंतु विजेच्या खांबापासून दूर असलेल्या शेतात तीच निर्णायक ठरते.

चार राशी आणि त्यांतील संबंध

विद्युतदाब व्होल्टमध्ये, विद्युतप्रवाह अँपिअरमध्ये, शक्ती वॉटमध्ये आणि ऊर्जा वॉट-तासात मोजतात. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, तर शक्ती आणि काळ यांचा गुणाकार म्हणजे ऊर्जा. एक हजार वॉट-तास म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजेच वीजबिलावरील एक युनिट.

आर्डुइनो उनो हा बोर्ड उदाहरणादाखल घेऊ. कोणतेही बाह्य साधन जोडलेले नसताना तो ५ व्होल्ट दाबावर साधारणपणे ५० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. म्हणजेच त्याची शक्ती ०.२५ वॉट होते. वर्षाचे ८,७६० तास तो अखंड चालू ठेवला तर सुमारे २.२ युनिट ऊर्जा लागते. अ‍ॅडाप्टरमधील तोटा धरला तरी वार्षिक वापर ३ युनिटांच्या आसपास राहतो. युनिटचा दर ८ रुपये मानल्यास वर्षाचा खर्च केवळ २४ रुपये होतो. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व तुलना याच आकड्याशी करावयाची आहे.

बोर्डात वीज येण्याचे मार्ग

उनो बोर्डाच्या आर-३ या प्रचलित आवृत्तीत वीज पुरविण्याचे चार मार्ग आहेत.

१. यूएसबी जोडणी : येथून स्थिर ५ व्होल्ट दाब मिळतो. बोर्डावरील ५०० मिलिअँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज संगणकाच्या पोर्टचे संरक्षण करतो.

२. गोल जॅक : येथे ७ ते १२ व्होल्ट दाब देण्याची शिफारस आहे. बोर्डावरील नियामक त्याचे ५ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. उलट जोडणी झाल्यास रोखणारा डायोड या मार्गावर असतो.

३. व्हीआयएन पिन : हा मार्गही नियामकातूनच जातो. मात्र जॅकजवळचा संरक्षक डायोड येथे वगळला जातो. परिणामी धन व ऋण तारांची अदलाबदल झाल्यास बोर्ड जळण्याचा धोका असतो.

४. पाच व्होल्टची पिन : येथे नियामक पूर्णपणे वगळला जातो. बाहेरून दिलेला दाब अगोदरच ५ व्होल्टवर स्थिर असणे अत्यावश्यक असते. या बोर्डावरील चिपची कमाल सहनमर्यादा ६ व्होल्ट आहे. त्यापुढे कोणतेही संरक्षण उरत नाही.

जॅक आणि यूएसबी या दोन्ही मार्गांनी एकाच वेळी वीज आल्यास बोर्डावरील तुलना-मंडल जॅककडील दाब पुरेसा असल्याचे पाहून यूएसबीचा मार्ग बंद करते. पाच व्होल्टच्या पिनेवर बाहेरून वीज देताना मात्र अशी सोय नसते. त्यामुळे त्याच वेळी यूएसबी जोडणे टाळावे.

उनो आर-३ मधील नियामक रेषीय पद्धतीचा आहे. जास्तीचा दाब तो उष्णतेच्या रूपाने टाकून देतो. ९ व्होल्ट दिल्यास ५ व्होल्ट उपयोगी पडतात आणि ४ व्होल्टची उष्णता होते, म्हणजे कार्यक्षमता सुमारे ५६ टक्के राहते. १२ व्होल्ट दिल्यास ती ४२ टक्क्यांपर्यंत घसरते. अशा वेळी बोर्डाने २०० मिलिअँपिअर प्रवाह घेतला तर १.४ वॉट उष्णता निर्माण होऊन नियामक तापतो. स्विचिंग पद्धतीचा नियामक हेच काम ८५ ते ९० टक्के कार्यक्षमतेने करू शकतो. २०२३ मध्ये आलेल्या उनो आर-४ मध्ये याच पद्धतीचा नियामक असून त्याला २४ व्होल्टपर्यंत दाब देता येतो.

ईएसपी-३२ सारख्या चिपांचा दाब याहून कमी, म्हणजे ३.३ व्होल्ट असतो. त्यांना ५ व्होल्ट थेट देणे घातक ठरते. शिवाय वाय-फायद्वारे माहिती पाठविताना त्यांची मागणी क्षणार्धात शेकडो मिलिअँपिअरपर्यंत वाढते. किमान ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा पुरवठा नसेल तर दाब कोसळतो आणि बोर्ड पुनःपुन्हा नव्याने सुरू होत राहतो. आज्ञावलीत दोष असावा असे वाटते, परंतु खरा दोष पुरवठ्यात असतो. म्हणूनच सरासरी मागणी आणि कमाल मागणी या दोन्हींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. राष्ट्रीय वीजजालाच्या नियोजनातही हाच भेद महत्त्वाचा असतो.

स्रोतांचा तौलनिक विचार

*जालावरील वीज :* घरगुती २३० व्होल्ट विजेवर चालणारा मोबाइलचा चार्जर हा सर्वांत स्वस्त आणि सुलभ स्रोत होय. त्याची मर्यादा म्हणजे तो भिंतीजवळच उपलब्ध असतो आणि भारनियमनाच्या काळात निरुपयोगी ठरतो. टाइप-सी जोडणीबाबत एक व्यावहारिक अडचण वारंवार आढळते. बोर्डावर आवश्यक ते दोन रोधक बसविलेले नसल्यास दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमधून चार्जर वीजच सोडत नाही. वीज घेणारे साधन जोडले गेले आहे, हे चार्जरला त्या रोधकांमुळेच समजते.

*पॉवर बँक :* दहा हजार मिलिअँपिअर-तास असे लिहिलेल्या पॉवर बँकेत ही क्षमता आतील सेलच्या ३.७ व्होल्ट दाबावर मोजलेली असते. म्हणजे साठा ३७ वॉट-तासांचा असतो. ५ व्होल्टमध्ये रूपांतर करताना होणारा तोटा वजा जाता प्रत्यक्षात सुमारे ६,३०० मिलिअँपिअर-तास हाती येतात. उनो बोर्ड त्यावर पाच दिवस चालू शकेल. मात्र अनेक पॉवर बँका मागणी फारच कमी झाल्यास, मोबाइल पूर्ण चार्ज झाला असे समजून, स्वतः बंद होतात. वीज वाचविणारे उपकरण अशा वेळी वीजच गमावून बसते.

*एकदाच वापरावयाचे सेल :* नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय आहे, कारण ती जॅकला सहज जोडता येते. अल्कलाइन प्रकारात तिची क्षमता साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असते. ५० मिलिअँपिअर मागणीवर ती फार तर दहा तास टिकते आणि त्यातीलही बरीच ऊर्जा नियामकात उष्णता बनून जाते. पेन्सिल सेल अधिक किफायतशीर ठरतात. त्यांची संख्या मात्र विचारपूर्वक ठरवावी लागते. चार अल्कलाइन सेलचा ६ व्होल्ट दाब उनोच्या नियामकासाठी अपुरा असतो आणि पाच व्होल्टच्या पिनेसाठी धोक्याचा असतो. सहा सेलचा ९ व्होल्ट दाब जॅकसाठी योग्य ठरतो.

*पुन्हा चार्ज होणारे सेल :* निकेल-मेटल हायड्राइड सेल सुरक्षित असून शाळांसाठी योग्य आहेत. लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये बाजारात आले. त्यांच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कमी वजनात अधिक ऊर्जा साठविणे हा त्यांचा विशेष होय. तथापि, ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करणे, फार खोलवर रिकामे करणे किंवा ४५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात चार्ज करणे यांमुळे त्यांचे आयुष्य घटते आणि आगीचा धोका वाढतो. विदर्भात किंवा राजस्थानात उन्हाळ्यात बंद पेटीतील तापमान ही मर्यादा सहज ओलांडते. लडाखमध्ये अडचण उलट स्वरूपाची असते. शून्याखालील तापमानातही हे सेल चार्ज करणे योग्य नसते. शिसे-आम्ल बॅटरी जड असली तरी तिची देखभाल गावातील वाहनदुरुस्ती करणाऱ्यालाही माहीत असते, ही तिची जमेची बाजू होय.

*सौरऊर्जा :* भारताच्या बहुतांश भागांत प्रति चौरस मीटर दररोज ४ ते ७ युनिट सौरऊर्जा मिळते. परंतु आकारमान ठरविताना वार्षिक सरासरी उपयोगाची नसते, सर्वांत प्रतिकूल महिना पाहावा लागतो. उनो बोर्डाची दैनंदिन गरज ६ वॉट-तास आहे. साठवण आणि रूपांतर यांतील तोटा धरता पॅनेलकडून १० वॉट-तास मिळावयास हवेत. पावसाळ्यात प्रभावी सूर्यप्रकाश दिवसाला दोनच तास मानला तर ५ वॉटचे पॅनेल लागते. सलग तीन ढगाळ दिवस निभावून नेण्यासाठी ३.७ व्होल्टचे व २,५०० मिलिअँपिअर-तासांचे तीन लिथियम सेल ठेवावे लागतात. म्हणजेच या व्यवस्थेत बोर्डापेक्षा त्याचा वीजपुरवठा महाग पडण्याची शक्यता असते.

एका युनिटची खरी किंमत

निरनिराळ्या स्रोतांची तुलना करावयाची तर सर्वांची किंमत एकाच मापात आणावी लागते. पुढील गणितातील किमती आणि चार्जिंगच्या आवर्तनांची संख्या केवळ उदाहरणासाठी गृहीत धरली आहे. वाचकांनी आपल्या बाजारपेठेतील आकडे घालून हेच गणित पुन्हा करून पाहावे.

• जालावरील वीज : प्रति युनिट ८ रुपये.

• शिसे-आम्ल बॅटरी, १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास, किंमत १,००० रुपये : निम्मी क्षमता वापरून ४०० आवर्तने मिळाल्यास साठवणुकीचा खर्च प्रति युनिट सुमारे ६० रुपये.

• लिथियम सेल, ९.२५ वॉट-तास, किंमत २५० रुपये, ४०० आवर्तने : प्रति युनिट सुमारे ७० रुपये.

• निकेल-मेटल हायड्राइड सेल, २.४ वॉट-तास, किंमत २०० रुपये, ५०० आवर्तने : प्रति युनिट सुमारे १६५ रुपये.

• अल्कलाइन पेन्सिल सेल, ३ वॉट-तास, किंमत ३० रुपये : प्रति युनिट १०,००० रुपये.

• नऊ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी, ४.५ वॉट-तास, किंमत ९० रुपये : प्रति युनिट २०,००० रुपये.

पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलच्या बाबतीत चार्जिंगच्या विजेचा खर्च यात मिळवावा लागेल, परंतु त्याने क्रम बदलत नाही. एकाच वस्तूच्या, म्हणजे एका युनिट विजेच्या, किमतीत अडीच हजार पटींची तफावत येथे दिसते. असे असूनही लोक सेल विकत घेतात आणि त्यात अविवेक नाही. ग्राहक केवळ ऊर्जेची किंमत मोजत नाही. ती ऊर्जा हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या वेळी, तारेविना उपलब्ध होण्याची किंमत तो मोजतो. अर्थशास्त्रातील स्थान-उपयोगिता आणि काल-उपयोगिता या संकल्पनांचे याहून सुबोध उदाहरण क्वचितच मिळेल.

मात्र या सोयीची किंमत कोणत्या प्रमाणात मोजावयाची, हे मागणीवर ठरते. सहा पेन्सिल सेलवर चालणारा उनो बोर्ड जेमतेम दोन दिवस टिकतो. तो वर्षभर चालू ठेवावयाचा तर सुमारे १७५ वेळा सेल बदलावे लागतील आणि त्यासाठी ३१,५०० रुपये लागतील. जालावरील विजेवर हेच काम २४ रुपयांत होते. त्यामुळे सतत चालू राहणाऱ्या उपकरणासाठी एकदाच वापरावयाचे सेल हा पर्याय बादच समजावा लागतो.

सर्वांत स्वस्त स्रोत : मागणीत घट

मातीचा ओलावा प्रत्येक सेकंदाला मोजण्याची आवश्यकता नसते. दर पंधरा मिनिटांनी पाच सेकंद जागे होऊन मोजमाप करणे, माहिती पाठविणे आणि पुन्हा निद्रावस्थेत जाणे पुरेसे असते. समजा, जागेपणी ८० मिलिअँपिअर आणि निद्रेत ०.०२ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. मग ९०० सेकंदांच्या एका आवर्तनात सरासरी मागणी अवघी ०.४६ मिलिअँपिअर होते. २,५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे तीन पेन्सिल सेल एकापाठोपाठ जोडून वापरल्यास ही व्यवस्था कागदावर २२४ दिवस आणि व्यवहारात सुमारे सहा महिने चालू शकते. पन्नास तासांच्या जागी सहा महिने, हा फरक अधिक चांगल्या बॅटरीमुळे नव्हे, तर मागणीच्या व्यवस्थापनामुळे पडतो.

यासाठी डेव्हलपमेंट बोर्ड जसाच्या तसा वापरून भागत नाही. उनोवरील मुख्य चिप निद्रेत गेली तरी यूएसबीची दुसरी चिप, नियामक आणि सूचक दिवा वीज घेतच राहतात. म्हणून शिकण्यासाठी पूर्ण बोर्ड आणि प्रत्यक्ष वापरासाठी अनावश्यक घटक वगळलेला बोर्ड, असे दोन टप्पे मानावे लागतात.

येथे घडणारी प्रक्रिया ही उत्पादन घटकांची प्रतिस्थापना आहे. अभियंत्याचे काही तासांचे श्रम पॅनेल आणि बॅटरीरूपी भांडवलाची जागा घेतात. हे श्रम एकदाच करावे लागतात आणि त्यांचा लाभ प्रत्येक उपकरणाला मिळतो. उपकरणांची संख्या जितकी अधिक, तितका प्रति नग खर्च कमी होतो.

भांडवली खर्च आणि महसुली खर्च

एखाद्या तालुक्यात अशी शंभर उपकरणे बसवावयाची आहेत, असे मानू. पहिला पर्याय पेन्सिल सेलचा. वर्षातून दोनदा तीन सेल बदलण्यास प्रति उपकरण १८० रुपये लागतात. प्रत्येक फेरीचा मजुरी व प्रवासखर्च २०० रुपये धरल्यास आणखी ४०० रुपये होतात. शंभर उपकरणांचा वार्षिक खर्च ५८,००० रुपये. दुसरा पर्याय लहान सौर पॅनेल आणि लिथियम सेलचा. त्याची प्रति उपकरण जादा किंमत ९०० रुपये आणि आयुष्य चार वर्षे मानल्यास वार्षिक भार २२५ रुपये पडतो. पॅनेलवरील धूळ पुसण्यासाठी एक फेरी धरल्यास एकूण ४२५ रुपये, म्हणजे शंभर उपकरणांचे ४२,५०० रुपये होतात. येथे सौर पर्याय सरस ठरतो.

आता फेरीचा खर्च बदलून पाहावा. तालुक्याहून माणूस पाठविण्याऐवजी गावातीलच प्रशिक्षित व्यक्तीने ५० रुपयांत हे काम केले, तर पहिल्या पर्यायाचा खर्च २८० आणि दुसऱ्याचा २७५ रुपये होतो. दोन्ही पर्याय जवळजवळ समान होतात. याचा अर्थ, वीजस्रोताची योग्य निवड केवळ विद्युतशास्त्र ठरवीत नाही. देखभाल करणारा माणूस किती दूर आहे, यावर ती अवलंबून असते. सौर पर्यायातील ९०० रुपये आजच मोजावयाचे असतात, तर सेलचा खर्च चार वर्षांत विभागला जातो. त्यामुळे व्याजदर जमेस धरून वर्तमान मूल्य काढल्यास तोल सेलच्या बाजूने आणखी थोडा झुकतो.

सार्वजनिक योजनांच्या दृष्टीने या गणिताला विशेष महत्त्व आहे. उपकरणाची खरेदी हा भांडवली खर्च असतो. सेल बदलणे, पॅनेल पुसणे, गंजलेली जोडणी दुरुस्त करणे हा आवर्ती, म्हणजे महसुली खर्च असतो. पहिल्या खर्चाची तरतूद करून दुसऱ्याची केली नाही, तर उपकरण नादुरुस्त न होताही निकामी होते. मालमत्ता कागदोपत्री अस्तित्वात राहते, परंतु तिच्यापासून मिळणारी सेवा थांबते. ज्या शेतकऱ्याने पाण्याच्या सूचनेवर विसंबून पाळी ठरविली, त्याच्या दृष्टीने मूक झालेला संवेदक हा नसलेल्या संवेदकापेक्षा अधिक नुकसानकारक असतो.

या संदर्भात तीन भारतीय उदाहरणे अभ्यासनीय आहेत. इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र हेही सूक्ष्मनियंत्रकावर चालणारे साधन आहे. ते जालावरील विजेवर न चालता स्वतःच्या बॅटरीवर चालते. त्यामुळे वीज नसलेल्या मतदान केंद्रावरही ते वापरता येते. १९८२ मध्ये केरळमधील परूर येथे त्याचा प्रथम वापर झाला आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व मतदारसंघांत ते वापरले गेले. वर्षातील मोजकेच तास वापर आणि पूर्ण विश्वासार्हतेची गरज, या परिस्थितीत महाग युनिटची बॅटरीच योग्य ठरते. दुसरे उदाहरण भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांचे होय. अखंड नोंदी आणि दूरस्थ ठिकाणे यांमुळे तेथे सौर पॅनेलवर चार्ज होणारी बॅटरी वापरली जाते. तिसरे उदाहरण शिक्षणक्षेत्रातील आहे. अटल नवोन्मेष मिशन २०१६ मध्ये सुरू झाले. त्याअंतर्गत अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची रचना करण्यात आली. त्यात स्थापनेसाठी १० लाख आणि कमाल पाच वर्षांच्या कार्यचालनासाठी १० लाख अशी विभागणी होती. स्थापना आणि चालन यांची अशी वेगवेगळी तरतूद हे योजनाआखणीतील एक महत्त्वाचे तत्त्व आहे.

सुरक्षा, मानके आणि कचरा

मोटार किंवा रिले यांसारखी अधिक प्रवाह घेणारी साधने बोर्डाच्या पिनेवरून थेट चालवू नयेत. त्यांना स्वतंत्र पुरवठा द्यावा, मात्र दोन्ही पुरवठ्यांच्या ऋण तारा परस्परांशी जोडाव्यात. जोडणी बदलताना पुरवठा बंद ठेवावा. २३० व्होल्टची वीज विद्यार्थ्यांनी उघड्या मंडलात कधीही हाताळू नये. अ‍ॅडाप्टर, पॉवर बँक आणि पुन्हा चार्ज होणारे बंदिस्त सेल यांना भारतीय मानक ब्युरोची अनिवार्य नोंदणी लागू आहे. खरेदी करताना त्या नोंदणीचे चिन्ह पाहावे.

बॅटरीच्या बाजारभावात तिच्या विल्हेवाटीचा खर्च समाविष्ट नसतो. जमिनीत किंवा पाण्यात मिसळणाऱ्या जड धातूंचा भार तिसऱ्याच व्यक्तीवर पडतो. अर्थशास्त्रात यास नकारात्मक बाह्यता म्हणतात. ती दूर करण्यासाठी केंद्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित केले. २००१ चे पूर्वीचे नियम केवळ शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते, तर नव्या नियमांत सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांचा समावेश असून संकलन व पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. निकामी बोर्डांचा प्रश्न १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांच्या कक्षेत येतो.

समारोप

वरील विवेचनावरून स्रोत निवडण्याचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम मागणी मोजावी आणि ती शक्य तितकी कमी करावी. त्यानंतर कमाल मागणी व योग्य विद्युतदाब निश्चित करावा. भिंतीजवळ वीज असेल तर तीच वापरावी. ती नसेल तर वापराचे तास, हवामान आणि देखभालीच्या फेरीचा खर्च यांची एकत्रित बेरीज करून सेल, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी किंवा सौर पॅनेल यांतून निवड करावी. अंतिमतः निवडलेल्या स्रोताच्या आवर्ती खर्चासाठी जबाबदार व्यक्ती आणि निश्चित तरतूद असावी. काही शे रुपयांचा बोर्ड विकासाच्या कामी येतो तो त्याच्यावरील चिपमुळे. परंतु तो कामी येत राहतो तो त्याच्या वीजपुरवठ्याची काळजी वाहणाऱ्या व्यवस्थेमुळे.

स्वाध्याय

१. सरासरी मागणी आणि कमाल मागणी यांतील फरक सूक्ष्मनियंत्रक बोर्डाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. एक उपकरण दर तासाला दहा सेकंद १०० मिलिअँपिअर आणि उर्वरित वेळ ०.०५ मिलिअँपिअर प्रवाह घेते. २,५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीवर ते किती दिवस चालेल?

३. सार्वजनिक योजनांमध्ये भांडवली खर्चाबरोबर महसुली खर्चाची तरतूद का आवश्यक असते? सोदाहरण चर्चा करा.

४. बॅटरी कचऱ्याच्या संदर्भात नकारात्मक बाह्यता आणि उत्पादकाची विस्तारित जबाबदारी या संकल्पना स्पष्ट करा.